देवळात किती वेळा जाता?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, पश्चिम लंडनमधील आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक चार पानी फॉर्म पडून होता आणि त्यातील एका प्रश्नाने आम्हा दोघांना चांगलेच अडवून धरले होते. गेली तीन वर्षे आपले कुटुंब आपल्या धर्माच्या प्रार्थनास्थळी किती नियमाने जात आहे, असा तो प्रश्न होता. उत्तरासाठी चार चौकटी होत्या: दर आठवड्याला, पंधरा दिवसांतून एकदा, महिन्यातून एकदा, त्याहून कमी. त्याखाली सही आमची नव्हे, तर प्रार्थनास्थळाच्या प्रमुखांची हवी होती. लेकीला चर्च ऑफ इंग्लंडच्या एका माध्यमिक शाळेत घालावे एवढीच आमची इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी आपण किती हिंदू आहोत हे कुणाकडून तरी लिहून आणण्याची वेळ आमच्यावर आली होती.

इथे मुले अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडतात आणि सातवीपासून माध्यमिक शाळेत जातात. आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत त्यासाठी ‘इलेव्हन प्लस’ या प्रवेशपरीक्षेची तयारी चौथीपासूनच सुरू होते. स्लाऊ, किंग्स्टन, सटन या भागांत परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळा अजून टिकून आहेत आणि शनिवारच्या शिकवण्या, सराव चाचण्या, कुणाला किती गुण पडले याची चर्चा वर्षभर चालू असते. १९६५ साली तेव्हाच्या मजूर सरकारने एक परिपत्रक काढून स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना सांगितले होते की, मुलांची अकराव्या वर्षी निवड करणे थांबवून सर्वांना एकत्र शिकवणाऱ्या ‘काँप्रिहेन्सिव्ह’ शाळांचे आराखडे सादर करावेत. देशाच्या बहुतेक भागांत तसे झाले, काही भागांत झाले नाही, आणि त्या उरलेल्या भागांत आपली मंडळी घरे शोधतात. आमची मुलगी गाणारी आहे, मात्र घड्याळ लावून पन्नास प्रश्न सोडवायचे म्हटले की तिचे हात गार पडतात. तेव्हा ग्रामरचा नाद आम्ही सोडला.

आम्हाला आवडलेली शाळा काँप्रिहेन्सिव्ह होती आणि चर्चचीही होती. हे दोन्ही एकत्र कसे, हे समजायला मला वेळ लागला. आपल्याकडे ‘चर्चची शाळा’ म्हटले की कॉन्व्हेंट, भरमसाट फी आणि इंग्रजी माध्यम असे चित्र उभे राहते. इथे चर्चच्या शाळेला फी नाही. शिक्षकांचे पगार सरकारी पैशातूनच होतात. सरकारने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी अंगावर घेतली ती १८७० नंतर, पण त्याच्या कितीतरी आधी, १८११ मध्ये, गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळींनी ‘नॅशनल सोसायटी’ स्थापन करून गावोगाव शाळा काढायला सुरुवात केली होती. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने या शाळा सरकारी व्यवस्थेत आणल्या, परंतु ज्या शाळांनी इमारतीच्या खर्चाचा काही वाटा स्वतः उचलायचे कबूल केले, त्यांच्याकडे धर्मशिक्षणाचे आणि कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचे अधिकार राहिले. आज त्या खर्चाचा वाटा साधारण दहा टक्के आहे आणि यातील अनेक शाळा आता ‘अकॅडमी’, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळा, झाल्या आहेत, पण प्रवेशाचे नियम ठरवण्याचा तो जुना अधिकार त्यांच्या हातून गेलेला नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळांपैकी बहुसंख्य प्राथमिक आहेत. माध्यमिक शाळा थोड्या, आणि लंडनमध्ये त्यांच्यावर पालकांच्या उड्या पडतात.

सप्टेंबरच्या अखेरीस शाळेची ओपन इव्हिनिंग होती. मुख्याध्यापकांचे भाषण झाल्यावर आठ-दहा पालकांचा गट करून प्रत्येक गटाबरोबर एकेक विद्यार्थी दिला गेला. आमच्या वाट्याला हिजाब घातलेली आठवीतली एक मुलगी आली. तिने विज्ञानाची प्रयोगशाळा दाखवली, संगीताच्या खोल्या दाखवल्या, जेवणाच्या सभागृहात रांग किती लांब असते हे खाजगी आवाजात सांगितले आणि मग एक जाड लाकडी दार उघडून म्हणाली, “आणि हे आमचे चॅपल.” आत मेणबत्त्यांचा मंद वास होता. माझी लेक उंबऱ्याशी थबकली, खाली वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. त्या मुलीने दार तसेच धरून ठेवले आणि हसून म्हटले, “इथे बूट काढायचे नसतात. पहिल्या दिवशी मीही काढले होते.” ही शाळा हवी, हे माझ्या मनाने त्याच क्षणी ठरवले.

मनाने ठरवणे सोपे होते. प्रवेशाचे धोरण मात्र अकरा पानांचे होते आणि मी ते प्राप्तिकराच्या नोटिशीसारखे पेन्सिलीने खुणा करत वाचले. अर्ज दोन करायचे असतात. पहिला सर्वांसाठी असतो, तो आपल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, ३१ ऑक्टोबरपर्यंत ऑनलाइन भरायचा. लंडनमध्ये त्यात सहा शाळा पसंतीक्रमाने लिहिता येतात. हा क्रम शाळांना कळत नाही. प्रत्येक शाळा आपापल्या निकषांनी यादी लावते आणि ज्या ज्या शाळांच्या यादीत मूल बसते त्यांतील आपल्या क्रमाने सर्वांत वरची एकच शाळा कौन्सिल देऊ करते. त्यामुळे ‘पहिली पसंती कठीण शाळेला दिली तर दुसरीही हातची जाईल’ ही आपल्या पालकांत ठाण मांडून बसलेली भीती निराधार आहे. हे मी नंतर निदान दहा जणांना समजावले असेल. दुसरा अर्ज म्हणजे शाळेचा स्वतःचा पूरक फॉर्म, तो थेट शाळेकडे द्यायचा. तो दिला नाही तर धर्माच्या आधारावरील जागांसाठी आपला विचारच होत नाही.

जागांची वाटणी अशी होती की, विशेष शैक्षणिक गरजांच्या आराखड्यात या शाळेचे नाव असलेली मुले आणि सरकारी देखभालीखालील मुले यांना आधी प्रवेश, त्यानंतर बहुतांश जागा चर्चला नियमित जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना आणि वीसेक जागा इतर धर्मांच्या नियमित उपासकांना. अशी तरतूद सगळ्याच चर्च शाळांत नसते. काही ठिकाणी त्याऐवजी कुठल्याच धर्माची अट नसलेल्या, केवळ अंतरावर मिळणाऱ्या जागा असतात. आमच्या या शाळेत तसे काही नव्हते. उपासनेत बरोबरी झाली तर घरापासून शाळेपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर मोजायचे. आमचे घर दीड मैलावर होते. मुलाखत मात्र कुठेच नव्हती, कारण मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला सरकारी प्रवेशसंहितेची सक्त मनाई आहे. आईबापांना सुटाबुटात बसवून ‘सहज गप्पा’ मारणाऱ्या मुंबई-पुण्याच्या काही शाळा आठवून मला त्याचे फार बरे वाटले.

शेजारच्या इंग्रज बाईंना मी आमची अडचण सांगितली तेव्हा त्या मनापासून हसल्या. त्यांचा मोठा मुलगा त्याच शाळेत होता. मूल तीन वर्षांचे झाले तेव्हापासून त्या दर रविवारी चर्चला जाऊ लागल्या होत्या, आणि चर्चच्या मागच्या बाजूला एका उंच मेजावर ठेवलेल्या हजेरीपटावर दर वेळी नाव लिहून सही करत होत्या. व्हिकारना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, दोनशे कुटुंबांची उपस्थिती तोंडपाठ ठेवता येत नाही, म्हणून तो हजेरीपट. “ऑन युअर नीज, सेव्ह द फीज,” असे त्यांनी मला ऐकवले, म्हणजे गुडघे टेका आणि खाजगी शाळेची फी वाचवा. इथे ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी चर्चमध्ये कामे केल्याचा, समितीवर असल्याचाही काही शाळांत उपयोग होत असे. आता संस्थेला केलेल्या आर्थिक किंवा प्रत्यक्ष मदतीवरून प्राधान्य देता येत नाही. उपस्थिती मात्र मोजता येते. “सुरुवातीला मी केवळ सहीसाठी जात होते,” त्या म्हणाल्या, “आता मुलगा शाळेत जाऊन चार वर्षे झाली तरी जाते. त्याला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा.”

आमच्याकडे हजेरीपट नव्हता. घरात देवघर आहे, त्यात माझ्या सासूबाईंनी कोल्हापूरहून दिलेली अंबाबाईची तसबीर आणि एक पितळी गणपती आहे. रोज सकाळी, ऑफिसची ट्रेन चुकणार नसेल तेव्हा, दोन उदबत्त्या लागतात. संकष्टीला मी उपास करते. भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आम्ही डॉलिस हिलला जातो. हे मंडळ १९३२ पासूनचे आहे, पण ते मंडळ आहे, देऊळ नव्हे. घराजवळ तमिळ मंडळींचे एक मोठे देऊळ आहे, तिथे आम्ही जातो ते नवरात्रात, लेकीच्या वाढदिवसाला आणि मन फार अस्वस्थ झाले तर. मिरजेत लहानपणी आजी अंबाबाईच्या देवळात रोज जाई आणि आजोबा वर्षातून एकदाही जात नसत, तरी आजोबांपेक्षा आजी जास्त हिंदू आहे असे घरात कुणाच्या मनातही आले नव्हते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सगळ्यांनी मिळून एका छपराखाली बसायचे, ही उपासनेची रीत चर्चची आहे. तोच साचा फॉर्मने आमच्यापुढे ठेवला होता. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. साचा बनवणाऱ्याच्या घरी देवघर नव्हते, एवढेच.

माझे पती म्हणाले, “रोज पूजा होते ना? मग आठवड्याला एकदा यावर खूण करायला काय हरकत आहे?” मी म्हटले की, प्रश्न देवळाचा आहे, घरचा नाही. यावर आमचे थोडे वाजले. शेवटी सही करणाऱ्यांनाच विचारावे असे ठरले आणि एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देवळात गेलो.

तिथल्या पुजाऱ्यांना सगळे गुरुक्कल म्हणतात. अभिषेक आटोपून ते बाहेर आले, ओल्या पंचाला हात पुसले आणि फॉर्म डोळ्यांजवळ धरून संपूर्ण वाचला. त्यांची आणि आमची भाषा इंग्रजीच. मी जरा आर्जवाने सांगितले की, आम्ही येतच असतो. गुरुक्कल म्हणाले, “नवरात्रात येता, हे मी पाहिले आहे. जानेवारीत आला होता, मुलीने निळा फ्रॉक घातला होता. दर आठवड्याला येणारी माणसे मला माहीत आहेत, ती त्या खांबापाशी बसतात.” इतक्या माणसांतून त्यांनी आम्हाला नेमके टिपले होते, याचा आनंद मानावा की शरम वाटून घ्यावी हे मला कळेना. मग तेच म्हणाले, “आई कुठेही ऐकते. पण या कागदावर देऊळ विचारले आहे. महिन्यातून एकदा असे लिहू, तेही मी जरा हात सैल सोडून लिहितो आहे.” कोविडच्या काळात प्रार्थनास्थळे जेवढे दिवस बंद होती तेवढा काळ धरू नये, अशी टीप फॉर्मवरच होती, तिचा आधार घेऊन त्यांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली, सही केली, शिक्का मारला, आणि कागद परत देताना त्यांच्या बोटाची विभूती सहीच्या बाजूला उमटली. मी तो कागद तसाच स्कॅन केला. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तो ठसा एखाद्या मळक्या डागासारखा दिसत होता.

१ मार्च २०२३ हा बुधवार होता. देशभरातल्या माध्यमिक प्रवेशांचे निकाल त्याच दिवशी लागतात, आणि लंडनमध्ये ते संध्याकाळी पाचनंतर ऑनलाइन दिसू लागतात. आम्हाला तिसऱ्या पसंतीची शाळा मिळाली. ती वाईट नव्हती, घरापासून चालत बारा मिनिटांवर होती, पण लेक काहीही न बोलता वर जाऊन हार्मोनियमच्या खोक्यावर बसून राहिली. मिळालेली जागा १५ मार्चपर्यंत स्वीकारायची असते आणि ती स्वीकारल्याने वरच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवरचा किंवा अपिलाचा हक्क जात नाही, म्हणून आम्ही ती लगेच स्वीकारली. हातची जागा रागाने नाकारण्याचा सल्ला देणारे एक-दोन हितचिंतक भेटले. तसे कुणीही करू नये.

अपील मेमध्ये झाले. ऐकणारे तिघे जण शाळेशी संबंध नसलेले असतात. त्यांच्यात निदान एक शिक्षणक्षेत्राचा अनुभव असलेला आणि एक त्या क्षेत्राबाहेरचा असावा लागतो. पहिल्या टप्प्यात आम्ही पंधरा-सोळा पालक एकत्र बसलो होतो. शाळेच्या प्रतिनिधींनी मांडले की, जिने अरुंद आहेत, प्रयोगशाळेत ठरावीकच मुले सुरक्षितपणे मावतात, जेवणाच्या दोन पाळ्या आधीच कराव्या लागतात. एका वडिलांनी जिन्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये विचारली. दुसरा टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. मी लेकीच्या गाण्याबद्दल सांगितले आणि मग न राहवून उपासनेच्या त्या प्रश्नाबद्दलही बोलले, की ज्या धर्मात पूजेची मुख्य जागा घर आहे, त्याची नियमितता देवळाच्या दारावर कशी मोजणार? मध्यभागी बसलेल्या अध्यक्षबाईंनी सगळे शांतपणे लिहून घेतले आणि विचारले, “शाळेने जाहीर केलेला नियम तुमच्या बाबतीत चुकीचा लावला, असे तुमचे म्हणणे आहे का?” तसे माझे म्हणणे नव्हते. नियम बरोबरच लावला होता. नियमच अपुरा असेल तर त्याविरुद्ध शाळा-निर्णायकांच्या कार्यालयाकडे हरकत घेता येते, ती पुढच्या वर्षाच्या धोरणासाठी, १५ मेपर्यंत. हे पॅनेल नियम बदलू शकत नाही. हा फरक मला अपिलाच्या खुर्चीत बसल्यावर कळला, तो आधी कळायला हवा होता. पाचव्या दिवशी पत्र आले: अपील नामंजूर. त्या पत्रात माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीटस शब्दांत मांडून मग तो का चालत नाही हे लिहिले होते, त्यामुळे मला रागही धड धरता आला नाही.

वेटिंग लिस्टवर आमचा क्रमांक मार्चमध्ये सतरा होता, एप्रिलमध्ये अकरा झाला आणि मेमध्ये पुन्हा तेरा. ही यादी आधी येणाऱ्याला आधी अशी नसते, ती निकषांप्रमाणे लागते, त्यामुळे मध्येच कुणी शाळेच्या जवळ राहायला आले की तुम्ही खाली सरकता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मी मसूर डाळीला फोडणी देत असताना, शाळेच्या ऑफिसातून फोन आला. जागा रिकामी झाली आहे, हवी आहे का? नव्या मुलांचा ओळखीचा दिवस होऊन गेला होता, ब्लेझरचे योग्य माप दुकानात संपले होते, आणि लेक पहिली तिमाही एक माप मोठ्या ब्लेझरमध्ये बाह्या दुमडून गेली.

शाळेत धर्म रोज असतो, पण तो दटावणीच्या स्वरात नसतो. सकाळी ट्यूटर ग्रुपमध्ये किंवा सभागृहात एक छोटी प्रार्थना, एखादा विचार, दोन मिनिटांची शांतता. पालकांनी लिहून दिले तर मुलाला यातून वगळता येते. आम्ही तसे लिहून दिले नाही. मोठ्या सणांच्या वेळी चॅपलमध्ये कम्युनियनचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी वाटण्याचा, विधी होतो. त्याच्या आदल्या रात्री तिने विचारले की, सगळे पुढे जातात तेव्हा मी काय करू? चॅप्लननी, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूंनी, मुलांना सांगून ठेवले होते की, बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवर बसावे, किंवा छातीवर दोन्ही हात फुलीसारखे ठेवून पुढे यावे, म्हणजे भाकरीऐवजी आशीर्वाद मिळेल. पहिल्या वेळी ती बसून राहिली. दुसऱ्या वेळी हात छातीवर ठेवून गेली आणि घरी येऊन म्हणाली, “प्रसाद नाही घेतला, नुसता नमस्कार केला.” धर्मशिक्षणाच्या तासाला हिंदू धर्माचा धडा आला तेव्हा बाईंनी तिला उभे करून ‘मंदिरात काय करतात’ ते सांगायला लावले. तिने गुरुक्कल आणि तो खांब यांच्याबद्दल सांगितले.

गेल्या सप्टेंबरमध्ये धाकटा सहावीत गेला. भावंड शाळेत असल्याचा निकष आहे, पण तो प्रत्येक गटाच्या आतच लागू होतो, म्हणजे तोच पूरक फॉर्म, त्याच चार चौकटी. यंदा आम्ही अगोदरपासून सावध होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी जमेल तेव्हा देवळात जात होतो. खांबापाशी आता अनोळखी चेहरे बरेच असतात. त्यांत दोन गुजराती कुटुंबे आणि एक नागपूरचे जोडपे आहे, आणि प्रत्येकाबरोबर नऊ-दहा वर्षांचे एकेक मूल. फॉर्मचे नाव काढताच गुरुक्कल आत गेले आणि उभ्या रेघा आखलेली एक निळी वही घेऊन आले. पहिल्या रकान्यात कुटुंबाचे नाव, पुढे तारखा, तारखांखाली सह्या. आमच्या ओळीत सप्टेंबरखाली दोन सह्या होत्या आणि ऑगस्टखाली एकही नव्हती, कारण ऑगस्टमध्ये आम्ही मिरजेला होतो. ते मी त्यांना सांगितले. “तिथे अंबाबाईच्या देवळात गेला होता ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हटले. “रोज?” मी पुन्हा हो म्हटले. त्यांनी क्षणभर विचार केला, ऑगस्टच्या चौकटीत तमिळमध्ये काहीतरी बारीक लिहिले, आणि आरतीची घंटा वाजायच्या आत आजची सही करा म्हणून पेन माझ्या हातात दिले.